लतीफ अंडीवाल्याची साडेतीनशे

मी एसटीचा ड्रायव्हर. भोरहून वेल्ह्याला जाणारी सकाळची गाडी बरीच वर्षं माझ्याकडं होती. रस्त्यावर मला दोन तऱ्हेच्या माणसांची चीड यायची. एक, उगाच हॉर्न वाजवत बसणारी, आणि दुसरी, हॉर्न न वाजवता घुसणारी. म्हणजे झाडून सगळ्यांचीच, असं माझी बायको म्हणते. असेलही. पण लतीफची चीड मला कधी आली नाही, आणि रोज सकाळी मला मागं टाकून पुढं जाणारा तोच होता.

लतीफचं भोरच्या बाजारपेठेत अंड्यांचं दुकान. शिवऱ्याच्या पोल्ट्रीतून टेम्पोनं माल यायचा, आणि विंझरपासून वेल्ह्यापर्यंतच्या दुकानांना तो पोचवायचं काम लतीफ स्वतः करायचा. मोटारसायकलवरून. अंडीवाल्याची मोटारसायकल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जी काही गाडी आली असेल, ती आधी पुसून टाका. लतीफकडं राजदूत साडेतीनशे होती.

दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर, सहा गिअर. अंगावर कसलं झाकण नाही, पुढं काच नाही, वाऱ्याला आडोसा नाही. इंजिन सगळं उघडं, जे काही आहे ते समोर. लाल टाकी, तीही लतीफ रोज अशी पुसायचा की त्यात बघून भांग पाडावा. सावकाश चालवली तर ती गाडी गरीब गाय. बाजारातून जाताना म्हाताऱ्या बायकासुद्धा बाजूला व्हायच्या नाहीत. पण मूठ एका टप्प्याच्या पुढं पिळली की तिचा आवाजच बदलायचा, आणि मग ज्याला ती कळली नाही त्याची खैर नव्हती. शेजारच्या कोंडिबाच्या मेव्हण्यानं एकदा लग्नाच्या गडबडीत चावी मागून घेतली होती. दुपारी तो भाताच्या खाचरात सापडला. गाडीला ओरखडा नाही, मेव्हणा मात्र पुढचे कितीतरी दिवस प्लास्टरमध्ये. तेव्हापासून चावी लतीफच्या गळ्यात, ताइताशेजारी.

असल्या गाडीवरून हा माणूस अंडी न्यायचा. लोक हसायचे. मीही हसलो होतो. पण एकदा त्याला माल बांधताना पाहिलं आणि हसू गेलं. मागच्या सीटवर भाताचा पेंढा, त्यावर ट्रे, त्यावर पुन्हा पेंढा, आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबा. त्याही आवळलेल्या नाहीत. "अंडं बांधायचं नसतंय हनमंता," तो मला म्हणाला होता, "नुसतं धरायचं असतंय. बाकीचं काम मुठीचं."

आणि त्याचा रोजचा एक नेम होता. माझी एसटी आगारातून सुटली की त्याची बायको, मलिकाभाभी, दुकानामागच्या खोलीत स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवायची. चहा उकळायचा, लतीफ तो मांडी घालून प्यायचा, कप स्वतः विसळायचा, आणि मग किक मारायचा. तोवर मी पार कापूरहोळ गाठून हायवेला लागलेलो असायचो. मग चेलाडी फाट्यावरून डावीकडं वळून मी वेल्ह्याच्या रस्त्याला लागायचो, थांब्याथांब्याला माणसं घ्यायचो, सोडायचो, आणि विंझरच्या पुढं कुठंतरी माझ्या आरशात लाल ठिपका दिसायचा. एकदाच, अगदी थोडका हॉर्न. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला वाट द्यायचो. तो जायचा. जाताना तिचा आवाज असा चढायचा, की वाटायचं आपणही आयुष्यात असलं काहीतरी एकदा करायला पाहिजे होतं. मी वेल्ह्याला पोचायचो तेव्हा तो रखमाजीच्या दुकानासमोर माल उतरवून विडी ओढत असायचा. अंडी शाबूत. नेहमी शाबूत. भोर-वेल्ह्यात ही गोष्ट देवळातल्या घंटेइतकी पक्की होती.

नव्व्याण्णव साली लतीफचा उजवा गुडघा गेला. गाडीवरून पडून नाही, तसं झालं असतं तर त्याला एवढं वाईट वाटलं नसतं. घरच्या माळ्यावरून रिकामे ट्रे काढताना शिडीवरून पाय घसरला. डॉक्टर म्हणाले, चालाल, नमाज खुर्चीवर बसून पढाल, पण किक आणि मागचा ब्रेक विसरा. दोन्ही उजव्या पायाचीच कामं.

गाडी उभी राहिली तर खराब होते, म्हणून तरन्नुम ती पहाटे बाहेर काढायला लागली. तरन्नुम म्हणजे त्याची मुलगी. बी.कॉम. झालेली, दुकान तीच बघायची. ही गाडी तिला नवी होती, पण चालवण्यात ती काही कच्ची नव्हती. बजाजची छोटी एम-एटी घेऊन हिरडोशीच्या खोऱ्यात अंडी पोचवायचं काम ती शाळा संपल्यापासून करत होती, तेही भर पावसाळ्यात, जिथं रस्ता कुठला आणि ओढा कुठला ते उतरून बघावं लागतं. पण एम-एटी वेगळी आणि साडेतीनशे वेगळी. पहिले काही महिने ती नुसती भाटघरच्या धरणापर्यंत जाऊन यायची. लतीफ खाटेवर पडून आवाज ऐकायचा. ती परत आली की तो सांगायचा, "वळणावर तिसरा टाकलास. चौथ्यात चाललं असतं." दुसऱ्या दिवशी वळणावर चौथा असायचा. असं वर्षभर चाललं.

मग गाडी विकत मागायला माणसं यायला लागली. लतीफनं सगळ्यांना एकच अट घातली. एसटी सुटली की आमच्याकडं चहा प्यायचा, कप विसळायचा, अंडी घ्यायची, आणि एसटीच्या आधी वेल्ह्याला पोचायचं. एक अंडं फुटलं तरी गाडी मिळायची नाही. बहुतेकांनी चहा पिऊन घरचा रस्ता धरला. एकानं अंडी फुटू नयेत म्हणून इतकी हळू नेली की तो वेल्ह्याला आला तेव्हा माझी परतीची वेळ झाली होती. लतीफ त्याला म्हणाला, "अशी न्यायची तर बैलगाडी काय वाईट हाय?"

पुण्याचा एक इंजिनिअर मात्र चिवट निघाला. कातडी जाकीट, हातमोजे, डोक्यावर महागाचं हेल्मेट. मला आधी त्याचा रागच आला होता. पण माणूस वाईट नव्हता. गाडी त्याला खरोखर येत होती. पहिल्या खेपेला त्यानं ट्रे इतके आवळून बांधले की खालची सगळी रांग दोरीखालीच चिरडली. पडल्या चेहऱ्यानं उभा न राहता तो स्वतःच हसला, आणि पेंढा कसा घालायचा ते विचारून गेला. दुसऱ्या खेपेला विंझरच्या पुढं त्यानं घाई केली. तिथं रस्ता सरळ आणि मोकळा दिसतो, पण डाव्या अंगाला बाभळींच्या आडून शेतातली एक पाणंद येऊन मिळते. त्यानं मला ओलांडायला मूठ पिळली आणि पाणंदीतून बैलगाडी बाहेर आली. तो वाचला, बैल वाचले. अंड्यांचं विचारू नका.

त्यानंतर एके दिवशी तरन्नुम बापासमोर उभी राहिली. मी चहाला गेलो होतो, म्हणून मला माहीत.

"अब्बा, उद्या म्या नेते."

"काय नेतीस?"

"अंडी. साडेतीनशेवरनं. तुमच्या अटीनं."

लतीफनं चावीवर हात ठेवला. "ती गाडी चुकीला माफी देत न्हाई."

"मला ठाव हाय. वर्षभर तुमीच सांगताय."

"अट म्हंजी अट. एक बी अंडं फुटलं, न्हाईतर एसटी आधी पोचली, तर गाडी पुण्याला गेली म्हणून समज. त्यो इंजिनिअर रविवारी येणार हाय. पुन्यांदा नाव काढायचं न्हाई."

"न्हाई काढणार," ती म्हणाली, आणि आत गेली. मलिकाभाभी दारात उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडं बघत राहिल्या. लतीफच्या मनात काहीतरी वेगळंच आहे, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी लतीफ माझ्याच एसटीनं वेल्ह्याला निघाला. ट्रे त्याच्यासमोरच उघडायचे, असं ठरलं होतं. तो माझ्या केबिनमध्ये डाव्या बाकड्यावर पाय लांब करून बसला. गेनबा कंडक्टरनं घंटी दिली. आम्ही सुटलो. नदीचा पूल ओलांडला. मग लतीफ हळूच म्हणाला, "हनमंता, आज जरा दामटून घे की."

मला आधी कळलंच नाही. "का? तुला कुठं घाई हाय?"

"मला न्हाई." त्यानं मागं बघितलं. "तिला पोचू द्यायची न्हाई."

मी गाडी कापूरहोळच्या रस्त्याला तशीच ठेवली, पण डोकं तापलं. "लतीफ, तूच अट घातलीस. आता तूच लबाडी करतोस व्हय?"

"तुला पोरगी असती तर कळलं असतं."

"मला दोन पोरी हायत."

"त्या साडेतीनशेवर बसत न्हाईत."

मी ॲक्सिलरेटर मात्र दाबला नाही. "ही गाडी जनतेची हाय," मी म्हणालो, "तुझ्या बापाची न्हाई. रोज जशी जाती तशीच जाईल."

तो खिडकीबाहेर बघत बसला. वाटेत ऊस भरलेला ट्रक, पुढं हायवेची गर्दी. मग अचानक त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि काहीतरी काढून मला दाखवलं. स्टोव्हची पिन. पत्र्याच्या बारीक पट्टीला तार लावलेली असते ना, तीच.

"ही हितं कशी?"

"सकाळी काढून घेतली. स्टोव्हमधी कचरा अडकलाय. भोक मोकळं केल्याबिगर पेटायचा न्हाई, आन पिनेबिगर मोकळं व्हायचं न्हाई. मलिकाला चूल पेटवावी लागंल. लाकडं बी वली हायत."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. आख्ख्या भोर तालुक्यात ज्याचा शब्द प्रमाण मानायचे, तो माणूस बायकोच्या स्टोव्हची पिन चोरून एसटीत बसला होता. मला हसू आलं आणि त्याच वेळी त्याची दयाही आली. पिन त्यानं पुन्हा खिशात ठेवली आणि वरून तळहात दाबून धरला, जणू ती उडून जाईल.

"ती पडली तर, हनमंता," तो म्हणाला. तेवढंच म्हणाला.

चेलाडी फाट्यावर आम्ही वळलो. माणसं चढली, उतरली. गेनबा नेहमीप्रमाणं एका बाईशी सुट्ट्यावरून हुज्जत घालत होता, आणि लतीफ आज त्याला घाई करत होता. "सोड की गेनबा, पुढच्या खेपंला दे म्हणावं." मार्गासनी गेली. आरशात काही नाही. करंजावणे मागंच पडलं होतं. विंझरच्या थांब्यावर मी गाडी उभी केली तरी आरसा रिकामाच होता. मी लतीफला काही सांगितलं नाही, पण माझं मलाच वाईट वाटायला लागलं. त्या ओल्या लाकडांना मी मनात शिव्या घातल्या.

विंझरला सगुणाबाई उतरायच्या होत्या. तिथलं किराण्याचं दुकान त्यांचं, आणि लतीफची अंडी त्यांच्याकडंही जायची. दोन पिशव्या, एक डबा, आणि वर पाठदुखी, त्यामुळं त्यांना उतरायला वेळ लागायचा. त्यांनी केबिनमध्ये डोकावलं. "लतीफभाई, तुमी आन एष्टीत? अंडी कोण आणतंय मग?"

"तरन्नुम," लतीफ म्हणाला.

"त्या गाडीवरनं?" सगुणाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "बरं हाय. तुमी रोज माल टाकून तसंच पुढं जाताय, पन थांबून इचारपूस करत न्हाई. ती तरी करंल."

त्या उतरल्या. इंजिन नुसतं घरघरत होतं. आणि तेवढ्यात लतीफनं मान वर केली.

माझ्या गाडीच्या आवाजात मला माझंच बोलणं ऐकू यायचं नाही. पण त्यानं ऐकलं. "सहावा," तो म्हणाला. "मार्गासनीच्या अलीकडं हाय." मी श्वास रोखून कान दिला, मला काही ऐकू आलं नाही. "पाचवा टाकला. चौथा. वळण आलं. चौथाच ठेवलाय." त्याचा उजवा पाय, तो गेलेला गुडघा, बाकड्याखाली ब्रेक शोधत होता. "आता उघडली. पाचवा. लई लवकर न्हाई उघडली. बरोबर उघडली."

गेनबानं घंटी दिली. आम्ही निघालो, आणि थोड्या वेळात माझ्या आरशात लाल ठिपका आला. मी लतीफला म्हणालो, "आली."

त्याच्या जागेवरून आरसा दिसत नव्हता. "कशी बसलीय?"

"तुझ्यासारखी. कोपरं आत."

"ट्रे हलत्यात का?"

"दिसत न्हाईत."

आता आम्ही त्या सरळ पट्ट्यावर आलो होतो, जिथं इंजिनिअर फसला होता. समोर रस्ता मोकळा, नवं डांबर, कुणालाही मोह व्हावा असा. तरन्नुम मागं येऊन चिकटली होती. उजव्या अंगाला जरा बाहेर निघून तिनं पुढं बघितलं. गाडीला नुसती मूठ द्यायचा अवकाश होता. लतीफ पुढं वाकला आणि पुटपुटायला लागला, "काढू नको. काढू नको, बाळा. काढू नको." मला वाटलं, अजूनही तिनं हरावं म्हणूनच म्हणतोय. पण त्याचा चेहरा बघितला आणि समजलं, तसं काही नव्हतं. तो तिला शिकवत होता. तिला ऐकू जाणार नाही हे विसरून.

तरन्नुम पुन्हा माझ्या मागं गेली. तिनं वेग कमी केला, माझ्यापासून अंतर ठेवलं आणि गप येत राहिली. आणि बाभळींच्या आडून ट्रॅक्टर आला, मागं खताची ट्रॉली. बिनदिक्कत रस्त्यावर आला, ना बघणं ना हॉर्न. मी कचकचून ब्रेक दाबला, ट्रॅक्टरवाल्याचा उद्धार केला, आणि आरशात बघितलं. मागची लाल टाकी हळूच थांबली होती. पाण्यात होडी काठाला लागावी तशी.

लतीफनं डोळे मिटून घेतले. त्याचे ओठ हलत होते. दुआ असावी.

ट्रॅक्टर गेला. ओढ्याचा पूल आला, तो ओलांडला, आणि पुढं तो चढ सुरू झाला जिथं रस्ता दोन्ही अंगांनी उघडा होतो, लांबवर तोरण्यापर्यंत सगळं दिसतं आणि समोरून कुणी येत असेल तर मांजरसुद्धा लपत नाही. एवढी वर्षं लतीफ मला तिथंच ओलांडायचा. मागून एक हॉर्न आला. एकदाच, अगदी थोडका.

माझा हात सवयीनं खिडकीकडं गेला आणि थबकला. मी लतीफकडं बघितलं. शेवटी बाप तो होता.

"बघतोस काय?" तो म्हणाला. "हात दे की तिला."

मी हात बाहेर काढला. आरशातला ठिपका उजवीकडं सरकला, आणि मग तो आवाज चढला. मी तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता, पण त्या दिवशी अंगावर काटा आला. माझ्या खिडकीशी आधी पुढचं चाक आलं, मग टाकी, मग लतीफचंच जुनं हेल्मेट घातलेली तरन्नुम, आणि तिच्यामागं पेंढ्यातले ट्रे, मांडीवरच्या लेकरासारखे निवांत. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिची नजर रस्त्यावर होती. क्षणात ती काचेसमोर आली, डाव्या अंगाला आली, आणि चढावर लहान होत गेली. दोन सायलेन्सरमधून निळसर धुराच्या दोन बारीक रेघा मागं राहिल्या. वळणाशी गाडी आणि पोरगी एकत्र कलली, काही जोर नाही, काही ओढाताण नाही, आणि दिसेनाशी झाली.

लतीफ केव्हा उभा राहिला ते मला कळलं नव्हतं. दुखऱ्या पायावर, दोन्ही हात काचेखालच्या पत्र्यावर टेकून तो उभा होता.

"हनमंता," तो म्हणाला, "अशी दिसती व्हय ही?"

मला गलबलून आलं. एवढी वर्षं ती गाडी भोरनं बघितली, विंझरनं बघितली, मी रोज बघितली. आख्ख्या मुलखात ती जाताना बघितली नव्हती ती फक्त त्यानं. तो कायम तिच्यावर बसलेला होता.

"अशीच दिसती," मी म्हणालो. "रोज."

तो खाली बसला. डोळे पुसले, पण ते बाहीनं, उघड, मला लपवून नाही.

वेल्ह्याला रखमाजीच्या दुकानासमोर साडेतीनशे स्टँडवर उभी होती, आणि तरन्नुम फडक्यानं टाकीवरची धूळ पुसत होती. ट्रे तसेच बांधलेले. हात लावायचा नाही ही अट तिनं पाळली होती. रखमाजी बाहेर येऊन उभा होता, हॉटेलातली दोनचार माणसं आली होती. लतीफ लंगडत गेला. मी माझ्या सीटवरच होतो. ड्रायव्हरला उंचावरून बरंच दिसतं.

त्यानं ट्यूबा सोडल्या, वरचा पेंढा बाजूला केला आणि ट्रे एकेक करून उचलले. प्रत्येक अंड्यावरून बोट फिरवलं. तरन्नुम हाताची घडी घालून उभी होती. शेवटच्या ट्रेला लतीफचं बोट थांबलं. कोपऱ्यातलं अंडं. त्यानं ते हातात घेतलं, उन्हाकडं धरल्यासारखं केलं, आणि अंड्याला चीर गेलीय हे मला इतक्या लांबूनही त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण त्या क्षणी त्याची पाठ तरन्नुमकडं आणि तोंड माझ्याकडं होतं.

त्यानं मान वर केली. आमची नजर मिळाली. मी समोरच्या काचेवरची धूळ बघायला लागलो.

पुन्हा बघितलं तेव्हा अंडं त्याच्या हातात नव्हतं. सदऱ्याचा खिसा जरा फुगला होता.

"सगळी शाबूत," लतीफ मोठ्यानं म्हणाला. "रखमाजी, उतरवून घे माल."

रखमाजी ट्रे आत न्यायला लागला. एका ट्रेच्या कोपऱ्यात घर रिकामं होतं, ते त्यानं बघितलं, लतीफकडं बघितलं, आणि माणूस शहाणा, तसाच आत गेला. तरन्नुमनं खाली बसून पेंढा गोळा केला, ट्यूबा गुंडाळल्या. लतीफनं गळ्यातली दोरी काढली. चावी गाडीलाच होती, दोरी तेवढी रिकामी होती. ती त्यानं तिच्या गळ्यात घातली.

"पुण्याच्या त्या माणसाला निरोप धाडतो," तो म्हणाला. "पेट्रोल जाळून येऊ नको म्हणावं."

ती उभी राहिली. तिला रडू येणार होतं, पण आलं नाही. त्याऐवजी ती म्हणाली, "अब्बा, तुमी मागं बसा. मी तुमाला घरी नेते. एष्टीत गुडघा दुखंल."

"म्या मागं?"

"व्हय. अंडी बसली, तुमी बी बसा."

रखमाजीच्या पायरीवरून त्याला चढवायला मी खाली उतरलो. उजवा पाय पलीकडं टाकताना त्याच्या तोंडातून कळवळल्याचा आवाज निघाला, पण तो बसला. आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर, पेंढा होता त्या जागी. हात कुठं ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. तरन्नुमनं हेल्मेट घातलं, किक मारली, एका किकमध्ये ती उठली. मग काहीतरी आठवल्यासारखं तिनं मागं वळून विचारलं, "अब्बा, स्टोव्हची पिन बघितली का कुठं? अम्मीनं सगळं घर धुंडाळलं. शेवटी चुलीवर चहा केला. डोळं लाल झालं तिचं धुरानं."

लतीफला सरळ नाही म्हणता आलं असतं. पण मलिकाभाभींचे लाल डोळे ऐकल्यावर त्या माणसाला खोटं बोलवेना. त्यानं खिशात हात घातला, आणि तसाच थांबला. मग हात बाहेर काढला. बोटांमध्ये पिन होती, आणि पिनेवरून, बोटांवरून, मनगटापर्यंत पिवळा बलक ओघळत होता.

गाडी मंद आवाजात चालू होती. तरन्नुम पिनेकडं बघत राहिली. मग खिशाच्या ओल्या डागाकडं. मग बापाच्या तोंडाकडं. तिला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या, सकाळची आणि आत्ताची, हे मला हेल्मेटमधून दिसणाऱ्या तेवढ्याशा डोळ्यांतही दिसलं. लतीफ मान खाली घालून बसला होता. एवढ्या वर्षांत मी त्याला असा कधी पाहिला नव्हता.

तिनं त्याच्या हातातून पिन घेतली, आपल्या ओढणीच्या टोकानं नीट पुसली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

"धरून बसा," ती म्हणाली. "वळणावर माझ्यासंगं कलायचं. ताठ बसायचं न्हाई."

"मला शिकवतीस व्हय?" लतीफ म्हणाला. पण त्यानं बलकानं माखलेला हात सदऱ्याला पुसला आणि दोन्ही हातांनी पोरीचे खांदे धरले.

ते गेले. मी परतीच्या वेळेला एसटी काढली. वाटेत माझ्यापुढं कुणी नव्हतं, मागंही कुणी नव्हतं, तरी ओढ्याच्या पुलाशी माझा हात आपोआप खिडकीबाहेर गेला.